एक गोष्ट गाळून

पहिल्या भेटीतच त्याने मला नापास केलं!

विद्यानगरला अपर्णा मॅडमच्या घरी आम्ही दहावीची चार पोरं दर शनिवारी एक ॲप बनवायचो. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं, की फोन त्याचं वर्णन बोलून दाखवणार — ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. वर्णनं मी लिहायचे. ती तपासायला एके दिवशी पांढरी काठी टेकवत अकरावीतला कौस्तुभ आला, आणि बसला तो थेट माझ्या खुर्चीवर.

"माझी जागा आहे ही."

"बोर्ड लावलायस? मला तर दिसला नाही बुवा." हसला. गालावर एकच खळी...

मग फोन कानाशी धरून त्याने माझं पहिलं वर्णन ऐकलं — 'सुंदर फूल.'

"अपूर्ण. सुंदर हे तुझं मत झालं. पाकळ्या किती?"

"कैकू इतका भाव खातोस रे?"

"हौ, खातो. पाकळ्या?"

पाच होत्या. त्या दिवसापासून मी सगळंच मोजायला लागले — हृदयाचे कप्पे, बेडकाची बोटं, ऐकताना त्याची मान किती तिरकी होते ते... आणि प्रत्येक वर्णनात मुद्दाम एक गोष्ट गाळायचे. त्याचं ते 'अपूर्ण' ऐकायला!

मग कळलं, त्याच्या बाबांची बदली झाली. सोमवारी पुणे.

शेवटच्या शनिवारी गच्चीवर सगळ्यांचा फोटो काढला. अंबरपेठला घरी जाताना बसमध्येच त्याचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला. "दीक्षा, फोटोचं वर्णन पाठव. नियमाने हं, मत नको."

तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी पाठवलं — 'गच्चीवर सहा जण. डाव्या टोकाला कौस्तुभ. निळा शर्ट, गालावर एक खळी. शेजारी दीक्षा. बाकी सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. तिचं नाही.'

"अपूर्ण," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "ती कुठे बघतेय?"

या वेळी मुद्दाम गाळलं नव्हतं मी. हिंमतच झाली नव्हती.

'कौस्तुभकडे,' मी लिहिलं. 'चार महिने झाले.'

फोन थरथरला.

"साडेचार. मीही मोजतोय." मागे कुकरची शिट्टी, मग त्याचा श्वास. "पुण्यालाही वर्णनं पाठवत जा. अशीच... मुद्दाम एक गोष्ट गाळून. पाठवशील?"

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं!

मी ते परत ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. माझा स्टॉप केव्हाच मागे पडला होता.