भुई तेवढी साक्षी

भिवरकसब्याच्या तांबट आळीतल्या त्या वादाच्या घरात, माजघरातच प्रयोगशाळा थाटली होती. स्पर्शवाचक यंत्र गुणगुणत होतं आणि यंत्राशेजारी डॉ. कस्तुरा पाखरेही.

सारविते घर बाई, माझ्या हातांची नक्षी
चालणारे चालून गेले, भुई तेवढी साक्षी

"देऊ दे साक्ष," इतिहाससंशोधक वेणू कंसारे म्हणाली. "माझ्या आईच्या आईला यांच्या आजीनं पेटत्या घरातून हुसकलं. आज मी यांना हुसकणार."

खुर्चीत रेललेले हंबीरराव हसले. "पोरी, हे माझं आजोळ. इथं आमच्याच बायकांनी सारवलंय. करारावर सही दोघांनी केलीय ना? भुईत जिचा हात, तिच्या वारसाचं घर."

"कस्तुराताई, यांना सांगा एकदा."

"सारवताना तळहात झिजतो. कातडीचे कण थरात राहतात. त्यांत मायरेषा असते. आईकडून लेकराला जशीच्या तशी आलेली. तुम्ही दोघंही या घरच्या लेकींची लेकरं, म्हणून तुमच्यातही ती असणार."

"आणि तुमचाच कण पडला त्यात, तर?" हंबीररावांनी डोळे बारीक केले.

"म्हणून माझी मायरेषा यंत्र आपोआप वजा करतं. शिवाय थर वेणूनं कापले, नमुन्यांची पेटी तिनंच मोहोरबंद केली. मी भुईला बोट लावलेलं नाही."

पडदा उजळला. जळिताच्या राखेखाली कुणी नाही. राखेवरही कुणी नाही. तळापासून वरपर्यंत सगळे थर कोरे.

"भुतं सारवत होती काय गं?" हंबीरराव खदखदले.

वेणू हसली नाही. थर होते, म्हणजे हात होते. मग ते गेले कुठं? तिनं कस्तुराकडे पाहिलं, आणि हळूच वजाबाकी बंद केली.

एकच रेषा थराथरांतून झळाळत वर आली. राखेखालून, राखेवरून, अखंड.

"ताई, ही तुमची."

"माझ्या आईची. तिच्या आईची. धनिणी बदलल्या, सारवणारी बदलली नाही. तुमच्या आज्या आगीत भांडल्या. राख आम्ही लोटली. शेणात हात कुणाचे, हे तुम्ही दोघांनी विचारलंच नाहीत."

"कुणाची गं तू?" हंबीररावांचा आवाज चिरकला.

"तुळसाची. कंबर मोडल्यावर जिला मागच्या दारानं काढलीत, तिची."

ते गडबडीनं उठले. "हे बघ बाळ, आपण बसून बोलू."

"बोलू की," कस्तुरा म्हणाली. "आधी चपला बाहेर काढा. वेणू, तूही."