मास्तरांकडचा तुकडा

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास शिंपीण ऑफिसात आली, ती अर्ध्या तासाच्या कामासाठी. निदान आईला तिने फोनवर तसंच सांगितलं होतं. आई हॉस्पिटलात होती. तिचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं होतं आणि आता सोमवार ठरला होता.

शिंपीण हे काही तिचं नाव नव्हे. सुई-दोऱ्याशी तिचा संबंध तुटलेलं बटण लावण्यापुरताही नव्हता. तिच्या ऑफिसातली माणसं दुसऱ्यांचे जुने प्रोग्राम उकलून वाचायची. प्रोग्राम लिहिणारी कंपनी बुडालेली, मूळ कागद हरवलेले, हाताशी फक्त यंत्रालाच कळेल असा आकड्यांचा ढीग. त्यांचं सॉफ्टवेअर त्या ढिगाचे तुकडे पाडायचं. मग ज्याने त्याने सामायिक कोठारातून एकेक तुकडा काढून घ्यायचा, मान मोडून वाचायचा, त्यातला प्रत्येक भाग काय करतो ते ओळखून त्याला नाव द्यायचं, शेजारी टीप लिहायची आणि परत जमा करायचा. एकच तुकडा दोघांनी घेतला तरी चालायचं. दोघांनी वेगवेगळी नावं दिली, की मात्र कुणीतरी बसून दोन्ही जुळवायला हवीत. हे शिवणकाम तिच्याकडे होतं, म्हणून ती शिंपीण. नाव ठेवलं होतं मास्तरांनी.

मास्तर म्हणजे पूर्वी खरोखरच शाळेत गणित शिकवणारे. साठीच्या जवळ आलेले, हाडाचे मास्तर. त्यांची प्रत्येक टीप प्रश्नाने सुरू व्हायची आणि ‘तपासावे’ने संपायची. नावांचं भांडण मिटवायची पद्धतही त्यांचीच. दोघांनी शेजारी बसायचं, आपापलं म्हणणं मोठ्याने वाचायचं, आणि ज्याचं नाव गळेल त्याने दुसऱ्याला चहा करून द्यायचा. मास्तर फार कमी वेळा हरत. हरले की चहा आणत बशी झाकून, आणि कपाचा कान डावीकडे वळवून ठेवत, कारण शिंपीण डावरी. एवढं लक्षात ठेवणारा माणूस त्या ऑफिसात दुसरा नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी मास्तर दुपारी घरी झोपले, ते उठलेच नाहीत.

सध्याचं काम औषधाच्या पंपाचं होतं. पेशंटच्या शिरेत ठरलेलं औषध थेंब थेंब सोडणारं ते यंत्र. तीन ठिकाणी पेशंटला जास्त औषध गेल्याची तक्रार आली होती, म्हणून सगळे पंप बाजूला काढले होते. पंप नाहीत म्हणून ऑपरेशनं खोळंबली होती, आणि त्यांतलंच एक आईचं. पाच वाजेपर्यंत शिंपिणीने ‘दोष नाही’ असा अहवाल पाठवला, की संध्याकाळी पंप पुन्हा वापरात आणि सोमवारी आई टेबलावर. दोष सापडला, तर पुन्हा तारीख पुढे. मनातून तिला काय हवं होतं ते सांगायला नकोच.

सगळे तुकडे जमा झाले होते, एक सोडून. ‘औषधाची मात्रा’ हा तुकडा कोठाराच्या यादीत अजून मास्तरांच्या नावावर दिसत होता. त्यांनी काढून घेतला होता आणि परत करायच्या आधीच ते गेले. शिंपिणीने तोच तुकडा नंतर स्वतः घेऊन वाचून काढला होता. आता मास्तरांच्या नावावरून तो सोडवला, की झालं.

कोपऱ्यात लांबू बसला होता. साडेसहा फुटांचा हा गृहस्थ सगळ्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचा.

“मास्तरांचा तुकडा सोडवते रे,” ती म्हणाली.

“सोडव की. ते काय नाही म्हणणार आहेत?” असं म्हणून लांबूने स्वतःच जीभ चावली.

तिने बटण दाबलं. तुकडा मुकाट्याने सुटायला हवा होता. त्याऐवजी पडद्यावर जुळवणीची खिडकी उघडली. डावीकडे तिचं, उजवीकडे मास्तरांचं. खाली लिहिलं होतं: तीन ठिकाणी मतभेद.

पहिल्या ठिकाणी तिने नाव दिलं होतं ‘पडदा उजळणे’. मास्तरांचं होतं ‘पडदा विझवणे’, आणि शेजारी टीप: ‘शिंपीणबाई, उजळणे कसं? उलटं वाचलंत ना? तपासावे.’

तिने ते दोनदा वाचलं. ‘उजळणे’ हे नाव तिने परवा, गुरुवारी दिलं होतं.

“लांबू, इकडे ये जरा.”

लांबू आला, वाकून वाचू लागला आणि वाचता वाचता सरळ झाला. “जुनी कॉपी असेल कुठेतरी राहिलेली...”

“जुन्या कॉपीत माझं गुरुवारचं नाव?”

“त्यांचा कॉम्प्युटर मीच पुसला गं. पार कोरा केला. खातंही मीच बंद केलं.” “तू कुणाला सांगू नकोस हं. माझ्यावर येईल.”

आणि घरी जेवायला वाट बघत असतील, असं काहीतरी पुटपुटत तो सटकला. एवढा उंच माणूस इतक्या लहान आवाजात बोलताना तिने प्रथमच ऐकला.

आता खोलीत ती एकटी. उन्हाने खिडकीचे चौकोन जमिनीवर पाडले होते आणि पंखा एका लयीत कुरकुरत होता. भुतं दिवसा येत नाहीत, अशी तिची लहानपणापासूनची समजूत. आणि आलंच एखादं, तरी ते मास्तर आहेत, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस मोठा भला होता.

तिने तुकडा पुन्हा उघडला. मास्तरांचं बरोबर होतं. तिने उलटंच वाचलं होतं. तिने उजवीकडचं नाव ठेवलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पण उठून चहा केला. मास्तरांच्या रिकाम्या टेबलावर कप ठेवताना तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. तिला मास्तर फार हवे होते. गेल्या तीन आठवड्यांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सहकारी गेला म्हणून किती दिवस रडायचं याचा कुठे नियम नसतो.

दुसरा मतभेद आला. तिचं नाव: ‘बटण दाबल्यावर थांबणे’. मास्तरांचं: ‘झाकण उघडल्यावर थांबणे’. तिने पद्धतीप्रमाणे दोन्ही मोठ्याने वाचली. रिकाम्या खुर्चीकडे मात्र तिने बघितलं नाही. तपासायच्या टेबलावर खराखुरा पंप होता. तिने झाकण उघडलं, पंप चालूच राहिला. बटण दाबलं, थांबला.

“मास्तर, इथे माझंच बरोबर आहे,” ती हळूच म्हणाली आणि डावीकडचं नाव ठेवलं.

तोंडावर पाणी मारायला ती पाच मिनिटं बाहेर गेली. परत आली तर तिच्या टेबलावर कप होता. वर बशी झाकलेली, कपाचा कान डावीकडे.

तिने लांबूला फोन लावला. “तू परत आलायस का?”

“मी घरी जेवतोय गं. का?”

“...काही नाही. जेव तू.”

बशी उचलली तर वाफ आली. चहा पिण्याचं धाडस तिला झालं नाही. टाकून देणंही जिवावर आलं. तिने बशी परत ठेवली आणि हात मांडीवर दाबून बसली.

घड्याळात साडेतीन. आईचा फोन आला. “काय गं, तुझा अर्धा तास झाला का? डॉक्टर विचारत होते, तुमचा तो कागद कधी येतोय. या वेळी जर पुढे ढकललं ना, तर मी आपली घरी चालले. मरायचंच तर स्वतःच्या गादीवर मरेन.”

“येतोय, आई. तासाभरात.”

तिसरा मतभेद. वीज जाऊन परत आली की पंप काय करतो, तो भाग. तिचं नाव: ‘राहिलेलं पुढे सुरू’. मास्तरांचं: ‘पुन्हा पहिल्यापासून’. टीप: ‘वायर काढून बघितलंत. पण बॅटरी उतरलेली असताना बघितलंत का? तपासावे.’

वायरचा तपास तिने मागच्याच आठवड्यात केला होता. दहा वेळा वायर काढली, दहा वेळा लावली, पंप शहाण्यासारखा राहिलेलं औषध पुढे सोडत होता. बॅटरी उतरलेली असताना वीजही जायची, असं कितीदा होणार? तिने दोन्ही बाजू वाचल्या, जरा भरभरच वाचल्या. मग डावीकडचं नाव ठेवलं.

जुळवणी पूर्ण झाल्याची पट्टी आली. ‘दोष नाही’ असा अहवाल तिने तयार करून ठेवला होता. फक्त पाठवायचा.

ती थांबली. कशासाठी थांबली ते तिला सुरुवातीला कळलंच नाही. मग कळलं. ती चहाची वाट बघत होती.

ती उठून बाहेर गेली, पाच मिनिटांनी परत आली. टेबलावर आधीचाच कप, आता गार झालेला. पुन्हा गेली. जिन्यापर्यंत जाऊन आली, या वेळी दहा मिनिटांनी. दुसरा कप नव्हता. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा, आणि तोही आता कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखा दबलेला वाटत होता. हरल्यावर मास्तरांनी चहा दिला नाही, असं सात वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

“बरं बाबा,” ती पुटपुटली. “तपासते.”

तिने पंपाची बॅटरीच काढून टाकली. पंपाला दहा मापं पाणी सोडायला सांगितलं आणि खाली काचेचा ग्लास ठेवला. पाच मापं पडल्यावर तिने वायर ओढली. पडदा विझला. वायर परत लावली. पंप जागा झाला, क्षणभर थांबला आणि सुरू झाला. सहा. सात. दहा. थांबला नाही. अकरा, बारा... पंधरावर थांबला.

झालेलं विसरून पंपाने सगळं औषध पहिल्यापासून पुन्हा सोडलं होतं. आणि ती ‘दोष नाही’ म्हणून पाठवणार होती. सोमवारी त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला आई असती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने मास्तरांचं नाव ठेवून, दोषासकट अहवाल पाठवला. मग चहा केला, अगदी मन लावून केला. मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि वर बशी झाकली. तिथे दुपारी ठेवलेला कप रिकामा होता. तिने तो उचलून धुऊन ठेवला. भीती वाटायला हवी होती, पण त्या वेळी वाटली ती मायाच.

आवराआवर करून सहानंतर निघताना तिने यादी एकदा नजरेखालून घातली. मास्तरांच्या नावापुढची ओळ गेली होती. तिचा जीव भांड्यात पडला. दिवा बंद करायला हात वर केला, तेवढ्यात यादी हलली आणि ओळ परत आली. मास्तर. काढून घेतलेला तुकडा: ‘धोक्याची घंटा’. वेळ: सहा वाजून पाच मिनिटं. आत्ताची.

काही बिघडलं की पंप वाजवणारा तो तुकडा इतका लहान होता की कुणी धड वाचलाही नव्हता. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या लांबूनेच तो एका नजरेत ‘ठीक’ म्हणून टाकलेला. तिने दिवा तसाच चालू ठेवला आणि जवळजवळ पळतच जिना उतरली.

हॉस्पिटलात आई उशीला टेकून बसली होती, नाक फुगवून. “गुरुवारवर गेलं तुझ्या कागदामुळे. आता नर्स हाताने थेंब मोजणार म्हणे.”

“मोजू दे, आई.” तिने आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आईलाही काहीतरी जाणवलं असावं, कारण तिने तो सोडवून घेतला नाही.

पलंगाशेजारी कोपऱ्यात पंप उभा होता. वायर गुंडाळलेली, पाठीवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी.

“ते मेलं मघाशी वाजलं,” आई म्हणाली. “एकदाच. मी दचकलेच.”

“वायर तर काढलीय, आई.”

“तेच मी नर्सला म्हटलं. तिने मागचं झाकण उघडून दाखवलं, बॅटरीसुद्धा नाही आत. म्हणाली, कुणीतरी तपासत असेल.”

“किती वाजता वाजलं?”

“आता घड्याळ का बघत होते मी? जेवणाची गाडी येते ना सहाला, ती नुकतीच येऊन गेली होती.”

आईचं ऑपरेशन गुरुवारी नीट पार पडलं. शुक्रवारी शिंपिणीने घंटेचा तुकडा उघडून अथपासून इतिपर्यंत वाचला, पंपाची बॅटरी काढून तपासला, घालून तपासला. तिला काहीच सापडलं नाही. लांबूने मास्तरांचं नाव यादीतून चार वेळा पुसलं. दर वेळी ते परत आलं. घंटा अजून मास्तरांकडेच आहे. जमा झालेली नाही.