लोह कुठे जातं

कमळाकर नव्या मुंबईत महाप्याच्या औषध कारखान्यात केमिस्ट होता. शक्तीच्या रोजच्या गोळीत लेबलवर लिहिलंय तेवढं सगळं आहे की नाही, हे तपासणं त्याचं काम. कुठे जरा कमी भरलं की गड्याला जेवण गोड लागत नसे. प्रत्येक बॅचच्या काही सीलबंद बाटल्या लॅबच्या कपाटात राखून ठेवलेल्या असत. त्या अधूनमधून फोडून पुन्हा तपासायच्या, असा शिरस्ता होता.

सन चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याने श्रावणातल्या बॅचची बाटली फोडली. लोह निम्मं भरलं.

‘क’ जीवनसत्त्व हवेने कमी होतं, ‘अ’ उजेडाने, हे ठीक. पण लोह? सीलबंद बाटलीतून लोह कुठे जाणार? त्याने रसायनं बदलली, दुसरी बाटली फोडली. त्यात आणखी कमी. गोळ्या मात्र जागच्या जागी, अखंड.

“ती बॅच आमच्या गोजरानं भरलेली, साहेब,” काचेची भांडी धुता धुता सगुणाबाई म्हणाली. “शेवटची.”

गोजरा तिची सून, घणसोली गावातली, पॅकिंगला होती. दिवस गेले तेव्हा अंगात रक्त नव्हतं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. पण गोळ्यांनी मूल पोटात मोठं होतं, सुटका अडते, असं सगुणाबाईनेच तिला बजावलं. दिवसभर गोळ्या हाताळणाऱ्या त्या पोरीने एक गोळी तोंडात घातली नाही. बाळंतपणात ती गेली. मुलगा वाचला, पण पांढराफटक. डॉक्टरांनीही आशा सोडली होती. कमळाकरला त्या गेलेल्या माउलीची फार कीव आली.

“आता कसा आहे?”

“वरचं दूद तोंडात धरत नाय. पन तरी बी कसा लाल झालाय!” बोलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मॅनेजर सुधीरचा निरोप आला, “लोह कमी असेल तर तसं लिहा. बॅच जाळून टाकू, उरलेली बाटलीसुद्धा.”

बरोबरच होतं. कमळाकरनेही तेच सांगितलं असतं.

दुपारच्या सुट्टीत सगुणाबाईचा नवरा दत्तू नातवाला घेऊन गेटवर आला. दवाखान्यातून परतत होता.

“डॉक्टर बी चाट पडला,” तो म्हणाला.

कमळाकरने पोराला घेतलं. चांगलं जड होतं. गाल तांबूस, नखंसुद्धा गुलाबी. पोराने जांभई दिली.

तोंडाला दुधाचा वास नव्हता. गोळ्यांच्या नुकत्याच उघडलेल्या बाटलीला असतो तो, ‘ब’ जीवनसत्त्वाचा उग्र वास होता.

कमळाकरने पोराला घाईने दत्तूकडे दिलं.

लॅबमध्ये येऊन त्याने त्या बॅचची उरलेली, शेवटची बाटली उचलली. सील शाबूत होतं. एकही गोळी कमी नव्हती.

हातातली बाटली गार होती. त्याला पॅकिंगमधून बाटल्या आणून देणाऱ्या गोजराचे हात आठवले, भर उन्हाळ्यातही गार.

हिच्यातलंही लोह संपलं, तर पोराचं काय?

आयुष्यात पहिल्यांदा त्याने खोटा रिपोर्ट लिहिला. लोह पूर्ण.

मग चालू बॅचची एक भरलेली बाटली आणून तिच्याशेजारी ठेवली.

“घे बाई,” तो पुटपुटला. स्वतःचाच आवाज ऐकून दचकला.

त्याने कपाटाला कुलूप लावलं.

आत गोळ्या वाजल्या.

खुळखुळ्यासारख्या. हळू, थांबून थांबून, मूल निजलं की नाही ते पाहत वाजवावं तशा.