चोवीस कवळ्यांच्या खोलीतून

हातात ड्रिल मशीन घेऊन मी दार ठोठावलं. आतून आवाज आला, "फार दुखतंय का?"

"नाही," मी म्हटलं, "भिंतीला भोक पाडायचंय."

दार उघडलं. पांढऱ्या एप्रनमधला एक तरुण. त्याच्यामागे फळीवर चोवीस कवळ्या… साऱ्या माझ्याकडे बघून हसणाऱ्या. हा या दातांच्या दवाखान्याचा कवळ्या घडवणारा. तो तेवढा हसत नव्हता.

"माझ्याच भिंतीला का?"

"जुन्या इमारतीत फोन-नेटचा एक स्विच, नव्या इमारतीत एक. मध्ये दोन फायबर केबल. एक तुटली तर दुसरीनं सांभाळायचं. पण आधीच्या शहाण्यांनी दोन्ही एकाच पाइपातून नेल्यात! कुणाची कुदळ पडली, की दोघी एकदमच गेल्या. दुसरीला वेगळी वाट हवी… ती तुमच्या खोलीतून जाते."

"किती दिवस?"

"चार."

त्यानं स्टूल पुढे केलं.

ड्रिल सुरू झालं आणि चोवीसच्या चोवीस कवळ्या कडकडा वाजायला लागल्या. तो दोन्ही हात पसरून फळीला बिलगला. मला असं हसू फुटलं, की भोक जरा तिरकंच पडलं.

मग चार दिवस… केसासारखा काचेचा धागा जोडताना मी श्वास रोखायचे, मेणात दात बसवताना तो. श्वास सुटायचे मात्र एकदम. आणि एकमेकांकडे न बघता आम्ही हसायचो.

हे माझं एकटीचं पहिलंच काम. ठेका मामाचा. त्यानं बजावलं होतं, "चाचणीत आवाज तुटला, तर पुन्हा ऑफिसात पत्रं टाइप करायची."

पाचव्या सकाळी चाचणी. कवळीवाल्यानं जुन्या इमारतीतल्या त्याच्या टेबलावरून मला नव्या इमारतीत फोन लावायचा. बोलणं चालू असताना मी पहिली केबल काढायची. बोलणं तुटायला नको.

"पण बोलू काय?"

"काहीही. फक्त थांबू नका."

हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. शेजारी मामा, हाताची घडी घालून. हे कवळीवाल्याला सांगायचं राहूनच गेलं.

"हॅलो… कवळी पहिली, वरची. दुसरी, खालची…" तो मोजत होता. "सहावी, वरची…"

मी केबल ओढली. स्विचवरचा तिचा हिरवा दिवा विझला.

शांतता.

मामानं डोळे मिटले.

"…कवळ्या राहू द्या," तो म्हणाला. "खरं सांगू? उद्यापासून तुम्ही येणार नाही, म्हणून आज एक दात धड बसेना माझ्या हातून. मला तुम्ही आवडता… फार आवडता. हॅलो? हॅलो! तुटलं वाटतं… बरं झालं!"

"नाही तुटलं," मी म्हटलं. आवाज माझाच, पण मलाच ओळखू येईना.

मामा खाकरला.

"कोण आहे तिथं?"

"माझा मामा."

पलीकडे काहीतरी खळ्ळकन पडलं. सहावी असावी.

"आवाज स्वच्छ येतोय," मामा गंभीरपणे म्हणाला. मिशीतलं हसू काही त्याला लपवता येईना. "पण पोरी, चाचणी अर्धीच झाली. पहिली लाव, आता दुसरी काढून बघ."

मी पहिली लावली. दिवा हिरवा होईपर्यंत थांबले. मग दुसरीवर बोट ठेवलं.

"ऐकताय ना? आता तुमच्या भिंतीतली काढते. बोला."

"क… काय बोलू?"

"मघाचंच," मी म्हटलं, "फक्त या वेळी थांबू नका… तुमचं झालं, की मला बोलायचंय."