सात वाजताचा सूर्य

खांबाजवळचं टेबल रिकामं दिसलं, तशी एकता बॅग पायाशी ठेवून बसली. बसल्यावर तिला टिश्यूची दोन पाकिटं दिसली, समोरासमोर ठेवलेली. म्हणजे टेबल कोणीतरी धरलेलं होतं. सिंगापुरात पाकीट ठेवलं, की ती जागा आपली. दोन वर्षांत ती हेसुद्धा विसरली होती!

पण पाय उठायला तयार नव्हते. कीटोहून निघून क्लेमेंटीतल्या या हॉकर सेंटरपर्यंत, खाण्याच्या टपऱ्यांच्या या मंडपापर्यंत, येताना तिने अर्धी पृथ्वी ओलांडली होती. आणि समोरचं दृश्य सोडवत नव्हतं. इमारतींच्या फटीतून मावळता सूर्य थेट आत आला होता. कढयांवरची वाफ सोनेरी झाली होती. बाहेरच्या झाडात साळुंक्यांचा इतका कालवा, की माणसं ओरडून बोलत होती. पूर्वीही रोज हे असंच होत होतं? मग तेव्हा आपण काय पाहत होतो?

“एक्सक्यूज मी... धिस सीट—”

तिने मान वर केली. हातात ट्रे, गळ्यात जुरोंग आयलंडच्या कंपनीचा पास, आणि पुढचे शब्द विसरलेला रत्नदीप.

“एकता?”

“तू? आज? आज गुरुवार ना?”

“शुक्रवार.”

विमानं बदलता बदलता तिचा एक दिवस कुठेतरी सांडला होता. शुक्रवार त्यांचा असे. ती विद्यापीठातून यायची, तो कंपनीच्या बसमधून उतरून. याच टेबलावर वाद, चिडवणं, चहा. मग ज्वालामुखींच्या अभ्यासासाठी ती कीटोला गेली, आणि दोन वर्षं दोघं एकमेकांना ई-मेलमधून हवामान कळवत राहिले. आता तिथल्या संस्थेने कायमची नोकरी देऊ केली होती. उत्तर उद्या द्यायचं होतं. इथलं सामान आवरायला म्हणून ती आली होती... आणि इथे आपलं काही उरलंय का, ते एकदा पाहायला. गुरुवारी तो नसेल, शांतपणे पाहता येईल, असा तिचा हिशेब.

“कळवलं नाहीस,” तो म्हणाला.

“हवामान चांगलं होतं. कळवण्यासारखं काही नव्हतं.”

तो हसला. तेवढ्यात चहाच्या दुकानातली आंटी दोन पेले आपटून गेली. “फ्रायडे! टू तेह, सेम सेम, आह?”

एकताने दोन पेल्यांकडे पाहिलं, मग दोन पाकिटांकडे. दर शुक्रवारी, दोन चहा.

“कोणीतरी येतंय वाटतं,” ती बॅग उचलत म्हणाली. “बसा तुम्ही. मी निघते.”

“तुम्ही? मी ‘तुम्ही’ कधीपासून झालो?”

“दोघांना म्हटलं. ती कुठेय?”

“बॅग उचलून निघालीय.”

एकता थांबली. रत्नदीपचे कान लाल झाले होते.

“जाताना तू तुझं पाकीट इथे ठेवलंस,” तो पेल्याकडे बघत म्हणाला, “आणि म्हणालीस, माझी जागा धरून ठेव.”

“अरे, ती गंमत होती!”

“असेल. मला कोणी ऊठ म्हणालं नाही, म्हणून धरून बसलो.”

तिने समोरचं पाकीट उचललं. निळा रंग उडालेला, कोपरे मऊ पडलेले. तिचंच होतं.

“आणि दुसरा चहा?”

“तोही मीच पितो. मग झोप येत नाही.”

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. कसली माणसं असतात जगात... आणि आपल्याला दोन वर्षं पत्ता नाही!

“एक सांगू? हसू नकोस,” तो म्हणाला. “नकाशात पाहिलं मी. कीटो जवळजवळ आपल्या पायांखाली येतं. सरळ, पृथ्वीच्या पलीकडे. दोन वर्षं जरा जपूनच पावलं टाकली.”

“वेडा आहेस.”

“आणि इथे सात वाजता सूर्य गेला, की तिथे तो उगवतो. मग मी रोज सातला... म्हणजे... पाठवायचो तुझ्याकडे.”

कीटोतली पहाटेची खिडकी एकताला आठवली. बर्फाच्या डोंगरामागून सूर्य वर यायचा, आणि ती थंड हातांत कॉफीचा कप धरून रोज तोच विचार करायची: आत्ताच हा क्लेमेंटीत होता. त्या टेबलावर.

“मिळायचा,” ती हळूच म्हणाली. “रोज मिळायचा, रत्नदीप.”

फटीतला उजेड तांबडा झाला, आणि विझला. साळुंक्या एकदम गप्प झाल्या. छताखालचे दिवे लागले.

“गेला,” तो म्हणाला. मग बराच वेळ पेला फिरवत राहिला. “तिकडे... परत जाणार आहेस?”

“नोकरी देतायत. कायमची. उद्या उत्तर द्यायचंय.”

“चांगली आहे?”

“फार चांगली.”

“मग...” त्याने पेला बाजूला सारला. “जाऊ नकोस, एकता.”

एवढे तीन शब्द! दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर ती त्यांची वाट पाहत बसली होती.

तिने जुनं पाकीट उघडलं, एक टिश्यू ओढला आणि डोळे पुसले.

“अगं, ते का फोडलंस? ते मी—”

“मी बसलेय ना आता,” ती म्हणाली, आणि दुसरा चहा स्वतःकडे ओढला. “उद्या त्यांना ‘नाही’ म्हणून कळवते. जेवायला काय आणलंयस?”