सहाव्या कोअरवरचा भार

गाणं सोमवारी द्यायचं होतं आणि कॉम्प्युटर अडून बसला होता.

घरात अजून सगळे त्याला धाकटाच म्हणत, पण ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात धाकट्याची वीस वर्षं गेली होती. आवाज चरचरला की घाबरायचं नाही, भार कुठे साचलाय ते बघायचं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. पडद्यावर प्रोसेसरच्या आठ कोअरचे आठ पट्टे होते, एकेकावर किती भार ते दाखवणारे. सात निवांत. सहावा शंभर टक्क्यांवर, लालबुंद. तो ताईच्या आवाजाचा ट्रॅक ओढत होता. एकाच ट्रॅकवर आवाज घडवणारे प्लगइन ओळीने लावले की ते सगळे एकाच कोअरच्या मानगुटीवर बसतात आणि बाकीचे नुसते बघत राहतात. त्यात नवल नव्हतं.

ताईला जाऊन तीन आठवडे झाले होते. जिन्यावरून पडली, असं दाजी म्हणाले होते.

त्याने एकेक प्लगइन काढला. सहावा शंभरावरच. ट्रॅक म्यूट केला. तरी शंभरावरच. फक्त चरचर बदलली. आता बोथट, ओले आवाज येत होते, थांबून थांबून. मधल्या जागेत कुणीतरी श्वास गिळत होतं.

त्याने ते मोजले. चौदा. मग दाजींना फोन केला.

दाजी दुपारी आले, सोफ्यावर ऐसपैस बसले. गेल्या हिवाळ्यात ताई तिथेच बसली होती, सुजलेला ओठ रुमालाने झाकून. "भांड्याला भांडं लागतंच," असं म्हणून धाकट्याने तिला घरी पाठवलं होतं.

त्याने आवाज ऐकवला. दाजींचा चेहरा हलला नाही.

"बिघाड आहे. तो ट्रॅक उडवून टाक."

"ताईचा आवाज आहे, दाजी."

"मग? दुसरी गायिका घेऊ. किती दिवस कवटाळून बसणार?"

"तुमच्या जिन्याला पायऱ्या नऊच आहेत ना?"

"आपलं काम कर," दाजी हळूच म्हणाले.

धाकटा कामाला लागला. असल्या वेळी करायचं ते त्याला पाठ होतं. ट्रॅकचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा वेगळ्या कोअरवर जाईल अशी जोडणी करायची. त्याने पहिला तुकडा वेगळा केला. पहिला पट्टा चढला, सहावा किंचित उतरला.

दाजींचं नाक फुटलं.

जवळ कुणी नव्हतं. रक्त शर्टावर सांडलं. दाजी उठू लागले. धाकट्याने दुसरा तुकडा जोडला, आणि त्यांच्या खांद्याचं हाड वाळकी फांदी मोडावी तसं वाजलं. ते गुडघ्यांवर आले.

"बंद कर ते."

धाकट्याला तेव्हा सारं उमगलं. हात माउसवर होता. उचलता आला असता.

त्याने तिसरा तुकडा जोडला.

दोन बरगड्या.

चौथा. दाजी दाराकडे सरपटत निघाले होते. मनगट उलटं वळलं.

पाचवा. गालिच्यावर दात पडले.

सहाव्यानंतर ते बोलायचे थांबले. सातव्यानंतर हलायचे.

गाणं सुरू झालं. स्वच्छ, कुठेही न अडखळता. ताई मोकळ्या गळ्याने गात होती.

अँब्युलन्सवाला म्हणाला, "जिवंत आहेत. कुणी मारलं?"

"मी इथे खुर्चीत होतो," धाकटा म्हणाला. ते खरंच होतं.

दाजींना घेऊन अँब्युलन्स गेल्यावर त्याने पडद्याकडे पाहिलं. बाकीचे सातही पट्टे खाली बसले होते. सहाव्यावर थोडा भार अजून उरला होता. त्याने जोडण्या पुन्हा तपासल्या. सगळ्या बरोबर होत्या. वाटून द्यायला आता खोलीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

त्याने दाराला आतून कडी लावली. मग चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो टेबलाच्या कडेपासून लांब, नीट ठेवला.