पाच पावलं लांब

"अरे, ही सुई वेडी झालीय का!"

दिल्लीत, हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या टेकडीवर, जूनच्या धुळीत, कुणीतरी चक्क मराठीत वैतागलं होतं. मी वळून पाहिलं. कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, हातात होकायंत्र... आणि चेहरा पार हरवलेला.

"सुई शहाणी आहे," मी म्हटलं. "तुमच्या खिशात काय आहे?"

खिशातून निघाला वॉकमन!

"त्यात चुंबक असतं. सुई तिकडेच ओढली जाणार. पाच पावलं लांब ठेवून या."

तो निमूटपणे वॉकमन एका दगडावर ठेवून आला. सुई ठिकाणावर आली.

"अच्छा... म्हणजे मॅडम आता आम्हाला शिकवणार! मी निहार. फिजिक्स ऑनर्स, सेकंड इयर."

"फिजिक्स? आणि चुंबक विसरलात?"

तो कानापर्यंत लाल झाला. मला तो तिथेच आवडला, खोटं कशाला बोलू!

आम्ही दोघंही एकाच शिष्यवृत्तीवर होतो. निवृत्त अधिकाऱ्यांची एक संस्था कॉलेजची फी भरायची. आम्ही दर रविवारी परेड करायची, होकायंत्र वापरायला शिकायचं आणि पदवीनंतर फौजेत अधिकारी व्हायला उभं राहायचं. ते साल पंच्याण्णव. मुलींना अधिकारी म्हणून घ्यायला लागून तीनच वर्षं झाली होती. गाझियाबादच्या आमच्या नव्या सोसायटीत बाबा भेटेल त्याला थांबवून सांगत, "आमची क्रांती ऑफिसर होणार!"

मी नुकतीच बारावी झाले होते; फक्त विषय ठरायचा होता.

"फिजिक्सच घे ना यार," बसस्टॉपपर्यंत सोडायला आला की निहार म्हणायचा. "एकच कॉलेज, एकच कँटीन..."

"आणि वॉकमनचे दोन कान वाटून घ्यायचे?"

"बिल्कुल!"

मार्क होते. मनही होतं. पण परेड-ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता, वीस वर्षांपूर्वीचा. त्यात आमच्या सोसायटीच्या जागी उसाचं शेत होतं. दर रविवारी मी त्यावर बोट ठेवायची आणि आमचं घर कुठे काढायचं ते ठरवायची. मला नकाशे करायचे होते. जॉग्रफी मात्र दिल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात होती, आणि तिकडच्या मुलांची परेडही तिकडेच. म्हणजे निहार रविवारीसुद्धा दिसणार नव्हता.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी परेड-ऑफिसच्या व्हरांड्यात मी फॉर्म घेऊन बसले. शेजारी निहार. पेन विषयाच्या रकान्यावर नुसतं इकडून तिकडे फिरत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याने पाहिलं असावं... तो एकदम उठला.

"कुठे चाललास?"

"पाच पावलं लांब. मी जवळ असलो की तुझी सुई हलते, क्रांती. माझीही हलते — पण माझा फॉर्म वर्षापूर्वीच भरून झालाय."

आणि खरंच मोठ्याने मोजत तो उन्हात गेला. एक, दोन, तीन... पाचव्या पावलावर माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी लिहिलं आणि आत गेले.

संस्थेच्या कर्नलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "जॉग्रफी? क्यों?"

"सर, आपके नक्शे में मेरा घर नहीं है. मुझे बनाना है."

ते वळून भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी सही केली.

बाहेर निहार अजून तसाच उभा होता, घामाने भिजलेला.

"जॉग्रफी," मी म्हटलं.

क्षणभर त्याचे खांदे पडले. मग तो वळला, टाचा जुळवल्या आणि मला कडक सॅल्यूट ठोकला!

"ज्युनिअरला सॅल्यूट?"

"ज्युनिअरला नाही," तो म्हणाला. "माझं जिच्यावर प्रेम आहे, तिला. मला इतका अभिमान कुणाचाच वाटला नव्हता."

मी ताठ उभी राहिले आणि तितकाच कडक सॅल्यूट परत केला. माझंही त्याच्यावर प्रेम होतं, आणि ते मी तिथेच, व्हरांड्यातल्या सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"दोन बस बदलाव्या लागतील," मी म्हटलं.

"दर शनिवारी बदलीन. वॉकमन... आणू?"

"आण. शनिवारी कुणाला उत्तर दिशा शोधायचीय!"